चैताली शेलारचा शोध

माझी एक फजिती तुम्हाला सांगायची राहिलीच आहे. चहा आधी पुढ्यात घ्या, मध्ये उठू नका. ही गोष्ट मी पुन्हा सांगणार नाही. एकदा सांगतानाच माझे कान गरम होतात.

तुम्हाला माहीतच आहे, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. राहायला पनवेलजवळ करंजाड्यात, शाळा गव्हाणच्या बाजूला. गावाचं नाव विचारू नका, गावाचा यात काही दोष नाही. दोन खोल्या, दोन शिक्षक. एक मी आणि दुसरे मुख्याध्यापक कडू सर. आडनाव कडू, पण माणूस असा की एखाद्या मुलाला रागावायचं झालं तर आधी त्याची पाठ थोपटणार आणि मग रागावायचंच विसरणार. त्याच गावातले, निवृत्तीला आलेले. शाळेवर त्यांचा जीव.

आणि शाळेचा जीव टांगणीला. पट घसरत चाललेला. सरकारचं म्हणणं, एवढ्या कमी मुलांसाठी वेगळी शाळा कशाला, शेजारच्या मोठ्या शाळेत पाठवा. शेजारची म्हणजे कुठली? हमरस्त्याच्या पलीकडची. त्या रस्त्यावरून द्रोणागिरीच्या गोदामांकडे दिवसभर कंटेनरचे ट्रेलर जातात. मी स्कूटरवरून तो रस्ता ओलांडताना देवाचं नाव घेते. पहिलीतलं पोर काय करणार?

त्यात आमच्या दुसऱ्या खोलीचं छप्पर गळतं. शाळा सुधारणेच्या निधीसाठी कडू सरांनी अर्ज केला होता. वरून उत्तर आलं, ‘पट व चाचणीतील उपस्थिती पाहून निर्णय घेण्यात येईल.’ कडू सरांनी ते पत्र घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं होतं आणि दिवसातून तीनदा काढून वाचायचे. जणू वाचून वाचून त्यात मुलं वाढणार होती.

आणि मग आली राज्यस्तरीय चाचणी.

म्हणजे काय, तर सगळ्या राज्यातल्या मुलांना एकाच दिवशी एकच पेपर. भाषा आणि गणित, तीस गुण. पेपर पटाप्रमाणे मोजून येतात आणि तपासायला दुसऱ्या शाळेत जातात, म्हणजे आपल्या मुलांना आपणच गुण वाटायला नकोत. माझ्या चौथीत मुलं नऊ. पेपर आले दहा, कारण एक मुलगी मागच्याच महिन्यात आईवडिलांबरोबर दुसऱ्या तालुक्यात राहायला गेली होती आणि वरच्या यादीत तिचं नाव अजून तसंच होतं.

सकाळी वर्गात गेले, तर नऊच्या नऊ मुलं भिंतीला चिकटून बसलेली. राज्याचा पेपर म्हणजे काहीतरी भयंकर, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवून दिलेलं. माझी प्रणाली, वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी, ती तर रडायच्या बेतात.

मी म्हटलं, “अगं, काही नाही त्यात. अगदी सोपा आहे. मी पाच मिनिटांत सोडवीन.”

प्रणालीने नाक पुसलं आणि म्हणाली, “मंग तुमी पन लिवा.”

“मी?”

“तुमी पन लिवा ना बाई. आमच्यासंगं बसून.”

बाकीच्या आठ जणांनी लगेच तोच सूर धरला. आता सांगा, मी काय करायला हवं होतं? नियम बघायला हवा होता. पण मुलांचे चेहरे बघून मी फतकल मारून सतरंजीवर बसले, दहावा पेपर पुढ्यात ओढला आणि पेन काढलं. मुलं इतकी खूश झाली की सगळी भीती पळाली.

“बाई, नाव लिवा वरती,” शेजारच्या मुलाने मला दटावलं.

लिहिलं नाव. आणि इथे एक गंमत झाली. जमिनीवर मांडी घालून, समोर प्रश्नपत्रिका घेऊन बसल्यावर हात आपोआप तीस वर्षं मागे गेला. लग्नानंतरचं देशमुख हे नाव राहिलं बाजूला, मी लिहून बसले माझं माहेरचं नाव, वैशाली शेवाळे. मला ते कळलंसुद्धा नाही.

पेपर मी खरंच पाच मिनिटांत सोडवला. एक उतारा होता कोल्ह्याचा, तो मी वाचलाच नाही. कोल्ह्याच्या गोष्टी काय कमी माहीत आहेत मला? चित्रात पक्षी किती ते मोजायचं होतं, मोजले. गणितं तोंडी केली आणि नुसती उत्तरं लिहून टाकली. शेवटी ‘माझी सकाळ’ यावर पाच ओळी लिहायच्या होत्या. तिथे मात्र माझं पेन जरा रंगलं. मनात आलं ते खरं खरं लिहून टाकलं. कोण वाचणार होतं?

इतक्यात खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी हाक मारली, तांदूळ कमी पडतोय म्हणून. मी उठले, स्वयंपाकाच्या शेडमध्ये गेले. कडू सर आले, त्यांनी वेळ संपल्यावर सगळे पेपर गोळा केले, गठ्ठा बांधला, लाख लावली आणि रवाना केला. माझ्या पेपरचं काय झालं, हा प्रश्न माझ्या मनात आलासुद्धा नाही. खिचडी चांगली झाली होती, ते आठवतंय.

आठवडा गेला. एका दुपारी कडू सर माझ्या वर्गाच्या दाराशी आले. चेहरा असा फुललेला, की मला वाटलं निधी मंजूर झाला.

“बाई, एक पोर गावली.”

“कुठली पोर?”

“सोनावणे सरांचा फोन आला व्हता. पेपर त्यांच्याकडं गेलेत तपासायला. ते म्हनतात, सोबतच्या हजेरीत नावं नऊ आन पेपर दहा. धावी एक मुलगी हाय. चैताली शेलार. हजेरीत नाय, पटावर नाय, आन पेपर मात्र आपल्या गठ्ठ्यात.”

सोनावणे सर म्हणजे शेजारच्या केंद्रातले एक अत्यंत मन लावून काम करणारे शिक्षक. पेपर तपासताना ते प्रत्येक मुलावर शेरा लिहितात. असा माणूस.

“आपल्या वर्गात येऊन बसली कधी?” मी विचारलं.

“तुमी तांदूळ बघाया गेल्या, तवा मी व्हतो वर्गात. पोरं माना खाली घालून लिवत व्हती. मी काय मोजली नाय. बसली आसंल मागं येऊन.” कडू सरांचे डोळे चमकत होते. “बाई, विचार करा. शाळाबाह्य मुलगी, सोताच्या पायानं परीक्षेला येती. तिला आपन पटावर घेतली, तर आपला आकडा टिकंल.”

तुम्ही म्हणाल, बाई, तुला तिथल्या तिथे कसं कळलं नाही? नाही कळलं. चैताली शेलार म्हटल्यावर मला वैशाली शेवाळे कशी आठवणार? माझं अक्षर इतकं दिव्य आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आणि खरं सांगू, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. लपूनछपून परीक्षेला येणारी मुलगी. मी तर मनातल्या मनात तिच्या दोन वेण्यासुद्धा घातल्या.

दुसऱ्या दिवशी सोनावणे सरांचा पुन्हा फोन. आता आवाज गंभीर. “कडू सर, त्या मुलीचं प्रकरण साधं नाही. तिने निबंधात लिहिलंय. तिला कुणाच्या तरी घरी राबवून घेतात. मी वरती कळवलंय.”

हे कडू सरांनी मला सांगताना, “बाई, तिला अंधारात उठवून पानी भरायला लावतात,” असं झालं. मी खिचडीवाल्या मावशींना सांगताना, “बिचारीला उपाशीपोटी राबवतात,” असं झालं असावं. मावशींनी गावात सांगितलं, आणि संध्याकाळी मी स्कूटर काढत होते तेव्हा दोन बायका मला अडवून म्हणाल्या, “बाई, त्या पोरीला म्हनं कोंडून ठेवलंय. तुमच्या करंजाड्यात. बिल्डिंगमदी.”

“करंजाड्यात?”

“मंग. आमच्या गावात कोन ठेवनार कामाला पोर? आमीच जातो दुसऱ्याकडं.”

हे मला पटलं. इतकं पटलं की घरी गेल्या गेल्या मी आमच्या सोसायटीच्या वॉचमनला गाठलं.

“काका, आपल्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे लहान मुलगी कामाला ठेवलीय का हो?”

तो विचारात पडला. “मॅडम, मुलगी कधी दिसली नाही. पण थर्ड फ्लोअरवरून रोज पहाटे साडेचारला भांड्यांचा आवाज येतो. कोणीतरी घासतं बघा. एवढ्या पहाटे कोण घासणार?”

थर्ड फ्लोअर. मी थर्ड फ्लोअरवरच राहते. आमच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं, आम्ही आणि समोरच्या पाटणकर काकू. मी मनात म्हटलं, पाटणकर काकू? रोज गुळपोळीसारखं गोड बोलणाऱ्या पाटणकर काकू?

गेले. बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं तशी मी त्यांच्या खांद्यावरून आत डोकावून बघायला लागले.

“काय गं वैशाली, काही हवंय?”

“काकू, स्पष्टच विचारते. तुमच्याकडे पहाटे साडेचारला भांडी कोण घासतं?”

काकूंनी दार सताड उघडलं. “अगं, आमच्याकडे आठ वाजेपर्यंत कुणी उठत नाही. तो आवाज तुझ्याच घरातून येतो. मी तुला कधी बोलले नाही, म्हटलं बिचारीला सकाळी घाई असते.”

मी घरी आले. पण डोक्यात तरी काही शिरलं का? छे. मी म्हटलं, वॉचमनची माहिती चुकीची, आता शोध दुसरीकडे घ्यायला हवा. इतकं सगळं माझ्या नाकासमोर येऊन नाचून गेलं आणि मी नाक पुसून पुढे निघाले.

गुरुवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी आणि कडू सर स्कूटरवरून हिंडलो. मी पुढे, सर मागे, हातात शाळेची हजेरी. सापडली की जागच्या जागी नाव घालायचं, हा त्यांचा बेत. बांधकामाच्या साइटवर गेलो, गव्हाणच्या रस्त्याला नर्सरीत चौकशी केली, आणि शुक्रवारी खाडीच्या कडेच्या वीटभट्टीवर पोचलो.

तिथे मजुरांच्या झोपड्या. मोठी माणसं विटा रचत होती आणि झोपड्यांपाशी चार मुलं खेळत होती. तीन मुली, एक मुलगा. सगळ्यात मोठी मुलगी धीट होती, पुढे आली.

“तुझं नाव काय बाळा?” मी विचारलं.

“मंगी.”

“आणि ही?”

“ही सुनी. ती जनी. त्यो भाव आमचा, बाळू.”

“चैताली नावाची कुणी आहे का इथे?”

“नाय.”

“नक्की? चैताली शेलार?”

“नाय बाई, अशी कोन नाय.” मग तिने कडू सरांच्या हातातल्या हजेरीकडे बघितलं. “तुमी शालंतल्या काय?”

“हो.”

“मी येव शालंत?”

“हो हो, ये हं,” मी म्हटलं. “पण आत्ता आम्ही घाईत आहोत, आम्हाला एक मुलगी शोधायचीय.”

स्कूटरच्या डिकीतला बिस्किटांचा पुडा तिच्या हातात दिला आणि आम्ही निघालो. वाटेत कडू सर मागून हळहळत होते, “बाई, कुठं गेली आसंल वो ती पोर?” आणि मी म्हणत होते, “सर, हिंमत सोडायची नाही.”

शनिवारी शाळेत बैठक बोलावली होती. शाळा व्यवस्थापन समिती, पालक, आणि पंचायत समितीतून विस्तार अधिकारी निकम मॅडम. या निकम मॅडम म्हणजे कमी बोलणाऱ्या बाई. चष्म्याच्या वरून बघतात आणि समोरच्याला आपोआप सगळं आठवायला लागतं. सोबत सोनावणे सर, काखेत फाइल, फाइलमध्ये तो पेपर. मुलंही कडेला सतरंजीवर बसलेली, कारण शनिवारी सकाळची शाळा असते आणि त्यांना दुसरीकडे कुठे बसवणार? दुसरी खोली गळते.

कडू सरांनी प्रास्ताविक केलं. मग मी उभी राहिले. खरं तर मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. पण दोन दिवस हिंडून हिंडून माझ्या आत जे साठलं होतं ते बाहेर पडायला मार्ग हवा होता.

“मला एवढंच विचारायचंय,” मी म्हटलं, “ती जी कोण माणसं आहेत त्या घरात, एका मुलीला पहाटे उठवून राबवून घेतात आणि स्वतः बसून राहतात, त्यांना रात्री झोप कशी लागते? ती शिकलेली असतील. चांगल्या नोकरीला असतील. पण घरात एक जीव राबतोय हे त्यांना दिसत नाही? मला ती माणसं भेटू देत. मी त्यांना या गावासमोर उभं करीन. अशा लोकांना माफी नाही.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. खिचडीवाल्या मावशींनी पदर डोळ्याला लावला. मी बसले, अगदी हलकं हलकं वाटत होतं.

निकम मॅडम म्हणाल्या, “देशमुख मॅडम, तुमची तळमळ दिसते. तिचा निबंध तुम्हीच वाचून दाखवा. तुमचा आवाज खणखणीत आहे.”

सोनावणे सरांनी फाइल उघडून पेपर माझ्या हातात दिला.

मी पेपर सरळ धरला आणि वाचायला लागले. “मी पहाटे साडेचारला उठते.”

वाचतानाच वाटलं, हे अक्षर कुठेतरी बघितलंय.

“आधी पाणी भरते, मग सगळ्यांचा स्वयंपाक करते आणि भांडी घासते. घरातली दोघं जागची हलत नाहीत, नुसता चहा मागतात.”

माझा खणखणीत आवाज इथे कुठेतरी घरंगळला. घरातली दोघं म्हणजे कोण, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? एक माझा नवरा आणि एक माझा कॉलेजात जाणारा मुलगा. आत्ता ज्यांना मी गावासमोर उभं करणार होते, ते दोघं.

“पुढे वाचा,” निकम मॅडम म्हणाल्या.

“मी आजारी पडले तरी मला सुट्टी नसते.” आता मी कुजबुजत होते. “शाळेत आल्यावर मला बरं वाटतं.”

एक म्हातारे पालक नाक शिंकरत होते. मी पेपर उलटा केला, सुलटा केला, नावाच्या जागी बघितलं. वैशाली शेवाळे. अगदी स्पष्ट. म्हणजे मला स्पष्ट.

“पुढची कारवाई काय करायची?” सोनावणे सर फाइलमधून एक कागद काढत म्हणाले. “मी तर बालकल्याण समितीला कळवायचा मसुदा तयार करून आणलाय.”

आता पळावं की बेशुद्ध पडावं, याचा मी विचार करत होते. तेवढ्यात सतरंजीवरून प्रणालीचा आवाज आला.

“बाई, ह्यो तर तुमचाच पेपर हाय ना?”

सगळ्यांच्या माना तिकडे.

“त्या दिशी बाईंनी आमच्यासंगं बसून लिवला त्यो,” प्रणाली सगळ्यांना समजावून सांगायला लागली. “आमीच बोललो बाईंना, लिवा म्हनून.”

बाकीच्या आठ मुलांनी माना डोलावल्या.

कडू सर उभे राहिले. “आगं पोरी, मंग दोन दिस आमी रानोमाळ हिंडतोय, तुमी बोलला का नाय?”

“आमाला कोनी इचारलंच नाय,” प्रणाली म्हणाली.

खरंच. सगळ्या करंजाड्याला विचारलं, वीटभट्टीला विचारलं, पाटणकर काकूंवर संशय घेतला. पण त्या वर्गात, त्या दिवशी, त्या पेपरला बसलेल्या नऊ मुलांना एका शब्दाने विचारलं नव्हतं.

पहिल्यांदा हसल्या त्या खिचडीवाल्या मावशी. मग सगळी खोली हसायला लागली. ते नाक शिंकरणारे म्हातारे पालक तर असे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. सोनावणे सर मात्र हसत नव्हते. ते पुन्हा पुन्हा पेपर बघत होते.

“मॅडम,” ते मला फार हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही उतारा वाचला नव्हता का? त्या गोष्टीत कोल्ह्याला शेवटी द्राक्षं मिळतात.”

“नाही वाचला,” मी म्हटलं.

“आणि चित्रात पक्षी आठ होते. एक झाडामागे होता. आणि गणितात तुम्ही पायऱ्या दाखवल्या नाहीत, म्हणून निम्मे गुण कापावे लागले. मी शेरा लिहिलाय, ‘मुलगी कल्पक आहे, परंतु प्रश्न न वाचता उत्तर लिहिते. पालकांनी लक्ष द्यावे.’”

तीसपैकी सोळा. लाल शाईत. गोल करून.

हे सगळं चालू असताना कडू सर मात्र खुर्चीत बसून गेले होते. त्यांनी खिशातलं ते पत्र काढलं, उलगडलं, आणि न वाचता परत घडी घातली. ते बघितलं आणि माझं हसू गेलं. चार-पाच दिवस हा माणूस हवेत चालत होता. त्याच्या पटावरची एक मुलगी मी लिहून दिली होती, आणि आज मीच ती पुसली.

“सर,” मी म्हटलं, “माझं चुकलं.”

“नाय वो बाई,” ते म्हणाले. “पोर तर पोर, आशा तर व्हती.”

निकम मॅडमनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. “देशमुख मॅडम, तुम्ही या मुलीला कुठे कुठे शोधलंत?”

मी सांगितलं. साइट, नर्सरी, वीटभट्टी.

“वीटभट्टीवर मुलं नव्हती?”

“होती ना,” मी म्हटलं. “चार होती. पण त्यांच्यात चैताली…”

आणि माझं वाक्य तिथेच राहिलं. मी कडू सरांकडे बघितलं, कडू सरांनी माझ्याकडे. हातात हजेरी घेऊन आम्ही चार मुलांसमोर उभे होतो. त्यातली एक ‘मी येव शालंत?’ म्हणून विचारत होती. आणि मी तिला बिस्किटाचा पुडा देऊन आले होते.

“बैठक संपली,” निकम मॅडम म्हणाल्या. “गाडी आणलीय मी. चला, बसा.”

त्यांच्या जीपमध्ये पुढे त्या, मागे मी आणि कडू सर. भट्टीवर पोचलो तर मंगी झोपडीच्या दारातच होती. आम्हाला बघून तिने आधीच सांगून टाकलं, “चैताली नाय आली आजून.”

“तिचं जाऊ दे,” मी म्हटलं. “तू येतेस का?”

तिच्या आईला शंका होती. भट्टी बंद झाली की ते डोंगरापलीकडच्या आपल्या वाडीवर परत जाणार, मग नाव घालून उपयोग काय? कडू सर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि अर्धा तास तिच्याशी तिच्याच बोलीत बोलले. वाडीजवळच्या शाळेत नाव कसं जाईल, पुस्तकं कशी मिळतील, बाळूला सोबत आणलं तरी चालेल. शेवटी ती म्हणाली, “पोरींना नेवा. पन दुपारचं जेवान देवाल ना?”

“खिचडी,” मंगीच म्हणाली. तिला आधीपासून सगळं माहीत होतं.

सोमवारी चौघंही आली. पट टिकला. खोलीच्या छपराची फाइल वर गेली, अजून वरच आहे, ते सोडा. पण त्या वर्षी आमची मुलं हमरस्त्यापलीकडे गेली नाहीत, एवढं खरं. घरी मी सगळी हकीकत सांगितली तेव्हा नवरा दोन दिवस स्वतःचा चहा स्वतः करत होता. तिसऱ्या दिवशी विसरला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली असती तर माझी इज्जत निदान एका गावापुरतीच गेली असती.

पुढच्या सत्रात दुसरी राज्यस्तरीय चाचणी आली. तिच्या आधी पनवेलला सगळ्या तालुक्यातल्या शिक्षकांचं प्रशिक्षण. मोठा हॉल, तीनशे-चारशे शिक्षक, सगळ्यांच्या हातात सूचनांचा कागद. समोर स्टेजवर एक प्रशिक्षक, तरुण, उत्साही, मला न ओळखणारे. ते एकेक सूचना वाचत होते. शेवटच्या सूचनेपाशी आले आणि स्वतःच हसायला लागले.

“‘चाचणीच्या वेळी शिक्षकांनी स्वतः पेपर सोडवू नये.’ ही या वेळी नवीन आहे.”

हॉलभर हशा. माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी बाई मला कोपर मारून म्हणाल्या, “असं कोण करतं हो?”

“असतात काही जणी,” मी म्हटलं, आणि कागदात डोकं घातलं. थोडक्यात निभावलं होतं.

“हसू नका,” प्रशिक्षक म्हणाले. “हे खरंच घडलंय, आपल्याच तालुक्यात. एका शाळेत चौथीच्या पेपरला एक बाई बसल्या आणि चक्क नापास झाल्या.”

हशा दुप्पट झाला. आणि मी, जिला फक्त गप्प बसून राहायचं होतं, ती मी ताडकन उभी राहिले आणि त्या खणखणीत आवाजात म्हणाले, “नापास नाही सर, तीसपैकी सोळा होते.”